वामनभाऊंची पाळीवरची शाळा

ब्रह्मपुरीत आमच्या शेजारच्या वामनभाऊंना नमस्कार केला, की उलट नमस्कार मिळत नाही. ते आधी तुम्हाला एका पायावर उभं करतात. तोल गेला, की निदान ठरलेलं, "डाळ कमी खाता, भाऊ!" मी जेमतेम पन्नाशीचा, पण मलाही सूट नाही.

वामनभाऊ वडशाच्या एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेतून असं कुजबुजायचे, की शेवटच्या रांगेलाही ऐकू जायचं. घरीही तेच. बायकोनं, सुशीलाबाईंनी, तोंड उघडलं, की पुढचं वाक्य यांचंच.

मग सुशीलाबाई विसरू लागल्या. एकदा तर बाजारातून परतताना घराची गल्लीच चुकल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, विसरणं थांबेल याची हमी नाही. पण रोज चाला, हात न टेकता उठाबसा, नीट जेवा, चार लोकांत मिसळा. आणि मुख्य म्हणजे, त्यांचं त्यांना आठवू द्या.

वामनभाऊंनी मोहल्ल्यातले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गोळा केले. चालणं, उठाबशा, मग गप्पा. नियम एकच. कुणी काही विसरलं, तर दुसऱ्यानं सांगायचं नाही.

एकदा एसटीडी बूथवाल्या गोपाळरावांना जावयाचं नाव आठवेना. सगळे थांबले. चहा निवला. आणि जावई स्वतःच हातात पिशवी घेऊन समोर उभे! त्यांनी तोंड उघडताच वामनभाऊ कडाडले, "पाव्हणे, तुमी नोका सांगू! आठवू द्या त्याईले!"

मी हिशेबी माणूस. विचारलं, "भाऊ, फायदा किती झाला, मोजलं का?"

"मोजाले वेळ कुठी हाय? सारे रोज येऊन राह्यले, हे काय कमी हाय?"

हिवाळ्यात मंडई, म्हणजे आमच्याकडची नाटकांची जत्रा, भरली. मोठ्या नाटकाआधी या मंडळींनी छोटासा प्रवेश बसवला. सुशीलाबाई आई झाल्या होत्या. परगावी निघालेल्या मुलाला निरोप द्यायचा, एवढंच एक वाक्य. वामनभाऊ पुस्तक उघडून विंगेत, आणि पडदा ओढायला मी त्यांच्या शेजारी.

वाक्याची वेळ आली आणि सुशीलाबाई गप्प. मंडपातून कुणी ओरडलं, "बोल ना वो बाई!" मी हळूच म्हटलं, "भाऊ, सांगून टाका ना." ते हलले नाहीत.

सुशीलाबाई विंगेकडे वळल्या. "काऊन जी, जन्मभर माह्या तोंडचं बोलले, आन आज मुके झाले?"

मंडप खदखदून हसला. त्या हसण्यातच त्या मुलाकडे वळल्या. "जाय बाबू. वाट चुकला, तं कोनालेबी इचार, लाजू नोको." अख्खं वाक्य, एकही शब्द न गाळता.

पडदा पडल्यावर मी म्हटलं, "शाबास भाऊ, शेवटपर्यंत नियम पाळलात."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"कायचा नियम, भाऊ! सांगनारच होतो. पन डोळ्याले पुस्तक दिसेना, आन मलेच काई आठवेना."