बद्रीनाथ औताडे रस्ता तपासतात

चहावर साय धरली तरी बद्रीनाथ औताडे संगणकासमोरून हलेनात, तेव्हा द्वारकाबाईंनी ताडलं की आज कुणाच्या तरी लेखाचं काही खरं नाही.

बद्रीनाथ शाळेतून निवृत्त झाले आणि गारखेड्याच्या घरात बसल्या बसल्या त्यांनी एक नवी नोकरी पत्करली. बिनपगारी होती, म्हणून जास्तच कडक होती. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लोक हौसेनं लेख लिहितात. त्यातला एखादा 'उत्तम लेख' ठरवायचा तर कुणीतरी तो ओळन्‌ओळ तपासावा लागतो. तो कुणीतरी म्हणजे बद्रीनाथ. त्यांच्या हातून आजवर एकही लेख उत्तम होऊन बाहेर पडला नव्हता. त्यांचा नियम एकच होता. प्रत्येक वाक्याला छापील स्रोत हवा. 'मला ठाऊक आहे' आणि 'गावात सगळे सांगतात' हे चालणार नाही. एका भल्या माणसानं लिहिलं, की आमच्या गावात मारुतीचं देऊळ आहे. बद्रीनाथांनी त्याच्याकडे पुरावा मागितला. तो माणूस पुन्हा ज्ञानकोशाकडे फिरकला नाही.

आजचा लेख वैजापूरकडे जाणाऱ्या एका राज्य महामार्गावर होता आणि तो वाचताना बद्रीनाथांची लाल शाई सुकत चालली होती. रस्ता कुठं सुरू होतो, कुठं वळतो, कोणत्या पुलाला कमानी आहेत आणि कोणत्याला नळ्या, कोणत्या फाट्यावर कोणतं गाव, कुठपर्यंत कापूस आणि कुठून कांदा. डांबरी रस्त्याबद्दल कुणी इतक्या मायेनं लिहू शकतं हे त्यांना माहीतच नव्हतं. लिहिणाऱ्यानं नाव घेतलं होतं 'वाटसरू'. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला स्रोताचा आकडा होता.

"याला म्हणतात लेख!" बद्रीनाथ म्हणाले.

त्यांच्या तोंडून स्तुती ऐकण्याची सवय नसल्यानं द्वारकाबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

फक्त एका वाक्याची शेपटी उघडी होती. 'मोठ्या दुष्काळात कामावर आलेल्या बायकांनी या रस्त्याची खडी हातांनी फोडली.' एवढंच वाक्य. आकडा नाही, स्रोत नाही. बद्रीनाथ त्या वाक्यापाशी थांबले ते थांबलेच.

त्यांचं गाव याच रस्त्याला लागून. दुष्काळात ते पाच वर्षांचे होते, आजीजवळ असायचे. आई साळूबाई कामावर गेली आहे, एवढंच त्यांना कळायचं. महिन्या-दोन महिन्यांनी ती घरी यायची, त्यांना जवळ घ्यायची आणि ते हात सोडवून पळायचे, कारण तिच्या तळव्यांचे घट्टे बोचायचे. पुढे शिक्षणासाठी ते याच रस्त्यानं शहरात आले, याच रस्त्यानं नोकरीला गेले आणि दर वेळी एसटीच्या खिडकीतून त्यांना वाटायचं, आपण आईच्या हातांवरून चाललोय. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज एका अनोळखी माणसानं ते लिहिलं होतं आणि नियमानं ते वाक्य त्यांनाच खोडायचं होतं.

"अवं, मंग आत्याबाईंनाच इचारा की," द्वारकाबाई म्हणाल्या. "पलीकडच्या खोलीत बसल्यात. जिवंत स्रोत हाय."

"आई छापील नाही," बद्रीनाथ खिन्नपणे म्हणाले.

त्यांनी पुस्तकं उलथीपालथी केली. या रस्त्याचा नारळ कुणी फोडला ते सापडलं, फीत कुणी कापली ते सापडलं, त्या दिवशी जेवणाला कोण कोण होते तेही सापडलं. खडी कुणी फोडली ते कुणी लिहिलं नव्हतं. शेवटी शेजारचे निजामुद्दीनभाई मदतीला आले. ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर.

"बद्रीभाई, उस रोड के पुल के पास एक कोनशिला थी," ते म्हणाले. "दुष्काळी काम असं कायतरी कोरलेलं व्हतं. दगडावरचं चलता क्या तुम्हारे को?"

दगडावर कोरलेलं म्हणजे छापीलपेक्षाही पक्कं. बद्रीनाथांना हुरूप आला. जातोच आहोत तर पुलाची रुंदी लेखात बरोबर आहे का तेही पाहावं, म्हणून त्यांनी टेप घेतली. साळूबाईंनी निजामुद्दीनभाईंची मोटार निघताना पाहिली आणि म्हणाल्या, "मला बी न्या. बसून बसून अंग आंबलंय." त्यांना मागच्या सीटवर बसवलं.

पूल सापडला, कोनशिला सापडेना. तिथं निवडुंग माजला होता. तोवर रुंदी तरी मोजू म्हणून निजामुद्दीनभाईंनी टेपचं एक टोक धरलं, बद्रीनाथांनी दुसरं, आणि रस्त्याच्या मधोमध टेप ताणली गेली. मराठवाड्यात रस्त्यावर टेप ताणणं म्हणजे काय, हे शाळामास्तराला कळायला हवं होतं. शेजारच्या शेतातून रामकिसन नावाचा शेतकरी धापा टाकत आला.

"मोजनी का साहेब?"

"मोजणी नाही. मी साहेबही नाही."

"मंग?"

"या रस्त्यावर एक लेख आहे, त्याचा दर्जा तपासतोय. सगळं बरोबर निघालं तर मंजूर करायचा."

रामकिसननं मान डोलावली. खरा साहेब कधी कबूल करत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मोजणी नाही म्हणाला म्हणजे मोजणी. साहेब नाही म्हणाला म्हणजे मोठा साहेब. त्यात आईला मोटारीत बसवून आणलेलं, म्हणजे पैसे खाणारा नसावा.

"रस्ता लई रुंद व्हनार?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"रुंद होणार नाही. आहे तेवढाच राहील."

"आलं ध्यानात," रामकिसन म्हणाला आणि गावाकडे पळाला. तिघांसाठी उसाचा रस आला. कोनशिला आम्ही शोधून ठेवतो, पुढच्या आठवड्यात या, असं त्याच्या सांडू नावाच्या चुलत्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तिघे पुन्हा गेले. पूल ओलांडला आणि निजामुद्दीनभाईंनी आपोआप ब्रेक दाबला.

"या अल्ला," ते म्हणाले. "रस्ता चुकलो का काय?"

लेखात वाक्य होतं, 'पुलानंतरचा हा टप्पा उघडा व वृक्षहीन आहे.' त्याला भक्कम स्रोत होता. आणि आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथपर्यंत, मोसंबीची कलमं डुलत होती. काहींच्या बुडाशी रोपवाटिकेच्या पिशव्या तशाच होत्या. रस्त्यात जमीन गेली तर झाडाचे, शेडचे, विहिरीचे पैसे वेगळे मिळतात, ही गोष्ट तिथल्या लहान पोरालाही माहीत. म्हणून पत्र्याची शेडं उभी राहिली होती. कांदा नसलेल्या कांदाचाळी उभ्या होत्या. एके ठिकाणी बोअरचा पाइप जमिनीतून वर आला होता, खाली बोअर नव्हता. सांडूनं तर रसवंती काढून तिच्यावर 'जुनी व प्रसिद्ध' अशी पाटी लावली होती.

बद्रीनाथ मोटारीतून उतरले आणि नुसते पाहत राहिले. एवढं काम सरकारच्या पाच योजनांनी झालं नसतं. माणसांनी मनावर घेतलं तर आठवड्यात माळाचं नंदनवन होतं, हे त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं, पण डोळ्यांनी आज पाहिलं. त्यांना खरोखर गहिवरून आलं. मग त्यांना आठवलं, की यामुळे वाटसरूचा लेख चुकला.

"अहो, हे काढा सगळं!" ते ओरडले. "लेखात इथं झाड नाही!"

"बघा," सांडू लोकांना म्हणाला, "साहेबाकडं जुनी यादी हाय. नवी झाडं लिव्हून घ्या म्हना."

गर्दी वाढली. कोनशिला मिळाली नाही, पण तिच्या जागी तालुक्याच्या पेपरचा वार्ताहर मिळाला. कडूबा त्याचं नाव. भर उन्हात दूरच्या गावाहून मोटारसायकल दामटत तो आला होता आणि घामानं निथळत होता.

"रुंदीकरणाबद्दल काय सांगाल?"

"मी अधिकारी नाही. रुंदीकरण नाही. मी फक्त खडी कुणी फोडली ते शोधतोय."

कडूबानं पेन थांबवलं. अधिकारी आता जुन्या खडीचीही चौकशी करतात, हे त्याला नवीन होतं. बद्रीनाथांचा बांध फुटला. उन्हात उभं राहून त्यांनी त्याला घट्ट्यांची गोष्ट सांगितली, एसटीच्या खिडकीची सांगितली. कडूबा मोटारीपाशी गेला. साळूबाई आत पदरानं वारा घेत होत्या.

"आजी, ह्या रस्त्याची खडी तुम्हीच फोडली म्हनत्यात?"

साळूबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "व्हय बाबा," त्या म्हणाल्या. "पानी पी आधी."

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. 'महामार्ग रुंदीकरणाच्या हालचाली सुरू. अधिकाऱ्यांचा स्पष्ट इन्कार.' आणि खाली, चौकटीत: 'याच रस्त्याची खडी आम्ही बायकांनी फोडली, असे अधिकाऱ्यांच्या मातोश्रींनी सांगितले.'

संध्याकाळपर्यंत वाटसरूनं लेख सुधारला. बायकांच्या वाक्याला आकडा लागला. त्याच्या लगेच खाली नवं वाक्य आलं, 'या महामार्गाचे रुंदीकरण प्रस्तावित असून अधिकाऱ्यांनी नुकतीच पाहणी केली.' त्यालाही तोच आकडा. मोसंबीच्या बागांवर एक वेगळा परिच्छेद होता.

बद्रीनाथांनी डोकं धरलं. "तो अधिकारी मी आहे! असा प्रस्ताव नाही!"

"मंग काढून टाका त्ये वाक्य," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कशाच्या आधारावर? मला ठाऊक आहे म्हणून? माझ्या ठाऊक असण्याला किंमत नाही, हा माझाच नियम. पेपर खोटा ठरवला तर आईचंही वाक्य जातं."

"एक तो दोनों रखो, नाहीतर दोनों निकालो," निजामुद्दीनभाई म्हणाले. "बीच का रस्ता नय."

बद्रीनाथ उठले, खोलीत येरझारा घातल्या, पुन्हा बसले. आयुष्यात त्यांनी चुकीच्या उत्तराला अर्धा गुणही दिला नव्हता. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, बायकांचं. पेपरात आलेलं, आकडा लागलेलं, आता कुणाच्या बापाला खोडता येणार नाही असं. मग डोळे मिटून त्यांनी 'उत्तम लेख'वर बोट दाबलं. लेखाच्या डोक्यावर चांदणी उगवली. त्यांच्या हातून उगवलेली ती पहिलीच.

डोळे पुसत ते मोबाइल घेऊन आईच्या खोलीत गेले आणि तिला वाक्य वाचून दाखवलं. साळूबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"हे समद्या दुनियेला दिसतं?"

"सगळ्या दुनियेला, आई."

"अगं बया!" साळूबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. त्यांनी पडद्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "लई चांगलं झालं त्या बायांचं."

"त्या बायांचं म्हणजे? तुझं."

"माझं कुठं? मी दुष्काळात माहेरी व्हते, चितेगावाकडं. आमची खडी समदी पैठणच्या रोडला गेली. इथं वैजापूरकडच्या बाया व्हत्या."

म्हणजे आयुष्यभर बद्रीनाथ परक्या आयांच्या हातांवरून शाळेत गेले होते.

"मग तू त्याला हो का म्हणालीस?"

"पोरगं एवढ्या उन्हाचं आलं व्हतं. नाय कसं म्हनावं?" साळूबाई म्हणाल्या. "आन खोटं काय हाय त्यात? बायांनीच फोडली की."

हे मात्र खरं होतं. वाक्य पूर्ण खरं होतं, फक्त स्रोत खोटा होता. बद्रीनाथांच्या नियमात या प्रकाराला नावच नव्हतं.

"बरं, आता पैठणच्या रोडचं लिव्ह," साळूबाई म्हणाल्या. "तिथं सरूबाई व्हती, भागूबाई व्हती. समद्यांची नावं सांगते."

"आई, तसं लिहिता येत नाही. आधी ते कुठंतरी छापून यावं लागतं."

साळूबाई उठल्या. मग त्यांनी पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि खिडकीतून हाक मारली.

"निजामभाई, उद्या गाडी काढा. जाऊ आन पैठणच्या रोडवर जरा मोजमाप करून येऊ."