तुळशीरामची बुधवारची उचकी

एका जंगलात... शपथेवर सांगतो, मुलांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. तर त्या जंगलात मी कधीच गेलेलो नाही, पण तिथे एक रुग्णवाहिका होती.

रुग्णवाहिका म्हणजे भागाबाई नावाची नीलगाय. पाठीवर झोळी, गळ्यात घंटा. कुणी आजारी पडून हाक मारली की वडावरच्या पोपटाने मोजायला लागायचं आणि शंभर व्हायच्या आत भागाबाईने पोचायचं, असा नियम.

सुरुवातीला ती चाळिसातच पोचायची. प्राण्यांना इतकं कौतुक वाटलं, की ते हौसेने आजारी पडू लागले. माकडाला काटा टोचला, बोलवा भागाबाईला. घोरपडीला बाजाराकडे जायचंय, बोलवा. वाटेत पोटात दुखेलच की!

भागाबाईचे खूर झिजले. तरी पोपटाचे शंभर काही होईनात. पोपट आता समजूतदार झाला होता. नव्व्याण्णव म्हटलं की तो पेरू खायला जायचा. परत येऊन म्हणायचा, "आली हो, वेळेत आली!"

याच जंगलात तुळशीराम नावाचं अस्वल राहायचं. वय मध्यम, पोट मोठं, अक्कल किती ते कळेलच.

एकदा उचकी लागली म्हणून त्याने भागाबाईला बोलावलं. ती येईपर्यंत उचकी थांबली. आता हा अपमान कोण सहन करील?

पाणवठ्यावर तुळशीराम म्हणाला, "गाडी उशिरा येते ना? मग आजार यायच्या आधीच बोलवायची! मी तर बुधवारच्या उचकीचा नंबर लावून आलो."

"काय डोकं आहे हो तुमचं!" ससा म्हणाला, आणि पुढच्या महिन्यातल्या सर्दीचा नंबर लावून आला.

दोन दिवसांत सगळं धडधाकट जंगल रांगेत.

मंगळवारी तुळशीरामची बायको सगुणा मोहाच्या झाडावरून पडली. पाय मोडला.

"अहो, बोलवा ना कुणाला तरी!" ती कळवळली.

तुळशीराम वडाखाली धावला.

"तुमचा नंबर त्रेसष्टावा," पोपट म्हणाला.

"अरे, पाय मोडलाय तिचा! तुझे बासष्ट आजारी तिकडे सूरपारंब्या खेळतायत!"

"त्यांनी आधी नंबर लावलेत. तुमच्याच सल्ल्याने."

"मग माझ्या उद्याच्या नंबरावर तिला घे."

"तो उचकीचा आहे. वहिनींना उचकी लागलीय का?"

तुळशीराम तसाच माघारी वळला. घरी आला, सगुणाला पाठीवर घेतलं आणि टेकडीपलीकडच्या दवाखान्याकडे निघाला.

"हळू हो, दुखतंय!"

"हळूच चाललोय."

"मग पोचणार कधी? जरा भरभर चाला की!"

वाटेत साळिंदराने त्याला पाहिलं आणि ते ओरडलं, "अरे, दुसरी गाडी सुरू झाली!"

ससा उडी मारून वर बसला. मागोमाग दोन मुंगसं. घोरपड तर त्याच्या केसांनाच लोंबकळली. आणि वर पोपट मोजत होता. पेरूबिरू काही न खाता, भराभर.

बगळा डॉक्टरांनी सगुणाचा पाय कामट्यांत घट्ट बांधला. "महिनाभरात चालू लागाल," ते तिला म्हणाले. मग तुळशीरामकडे वळले.

"शंभराच्या आत यायचं असतं. तुम्ही चारशे बाराला आलात. आणि तिकडे सोळाजण खोळंबलेत. निघा!"

तुळशीराम निघाला. वाटेत भागाबाई भेटली. तिने गळ्यातली घंटा काढून त्याच्या गळ्यात घातली.

"देवासारखे आलात, भावजी," ती म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी खाली बसून रवंथ करू लागली.

तात्पर्य: बायकोला पाठीवर घेण्याआधी वर बघावं. कुणी मोजत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

आता कबूल करतो, मुलांनो. यात एवढाच भाग पदरचा घातलाय, पाठीवर घेतल्याचा. खरं तर ती एकटीच लंगडत दवाखान्यात गेली. मी वडाखाली उभा राहून पोपटाशी वाद घालत होतो.