लिफ्टवाल्याचा विक्रम

"अर्ध्या तासाचं काम आहे, बाबा! तुम्ही फक्त इस्त्रीचा शर्ट घालून बसा!"

हे वाक्य मी रविवारी सकाळी दहा वाजता, बिस्किट खात खात, अगदी सहज बोललो. कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा मानतात. घरातल्या बाकी कुठल्याच बाबतीत मानत नाहीत, म्हणून हे एक खातं मी जिवापाड जपून ठेवलंय. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा कुणालाही न विचारता बाहेर काढला होता!

आता काम काय होतं ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला. त्यात 'लिफ्टवाला' नावाचा एक गेम होता. सात मजली इमारत, एक लिफ्ट, आणि मजल्यामजल्यावर ताटकळलेली माणसं. ज्याला जिथे जायचंय तिथे त्याला वेळेत पोचवायचं. उशीर झाला की माणूस लाल होतो, पाय आपटतो आणि जिन्याने निघून जातो. या गेममध्ये बाबांचा विक्रम होता, अठ्ठेचाळीस हजार सहाशे वीस! विक्रमांच्या यादीत सगळ्यात वर त्यांचं नाव झळकायचं : 'बॉस'. ऑफिसात त्यांना सगळे बॉस म्हणत, म्हणून घरच्या कॉम्प्युटरलाही त्यांनी तेच शिकवलं होतं.

बाबांच्या ऑफिसातले टायपिस्टकाका मात्र हा आकडा मानायला तयार नव्हते. त्यांचा स्वतःचा विक्रम एकतीस हजार. "अठ्ठेचाळीस? थापा मारू नकोस!" असं ते वीस वर्षं म्हणत आले. दोघं निवृत्त झाले, दोघांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण हा वाद काही मिटला नाही. शेवटी गेल्या आठवड्यात बाबांनी फोनवरच ठणकावलं, "रविवारी चारला ये! डोळ्यांनी बघ!"

आणि मंगळवारी जुन्या कॉम्प्युटरने राम म्हटला.

बाबांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. मी तो डबा उचलून रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने सांगितलं, हा आता उठत नाही, पण आतल्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर काढून देतो, विक्रमाच्या यादीसकट. "जुनी डिस्क परत हवी का?" त्याने विचारलं.

"ठेवून काय करायचंय! द्या भंगारात!" मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर रविवारी दहा वाजता मी माझ्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला आणि गेमवर क्लिक केलं. हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असं त्याने चौकटीत लिहून कळवलं. मी पुन्हा क्लिक केलं. त्याने पुन्हा कळवलं. असं आमचं अकरा वेळा झालं.

"काय म्हणतोय?" बाबांनी दाढीचा फेस लावलेला चेहरा दारातून आत घातला.

"ओळख करून घेतोय, बाबा!"

मग कॉम्प्युटरने जुन्या विंडोजसारखं वागावं म्हणून जेवढे पर्याय होते त्या सगळ्यांवर मी खुणा केल्या. ढिम्म! शेवटी एकाने इंटरनेटवर सुचवल्याप्रमाणे मी नव्या कॉम्प्युटरच्या आतच एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा करायला घेतला.

"म्हणजे नव्या घराच्या हॉलमध्ये जुनं घर बांधायचं?" बायको म्हणाली. "आणि आपण कुठे राहायचं?"

मी माऊस सरकवत राहिलो. जाणकार माणसं अशा वेळी कामाकडे लक्ष देतात. त्या आतल्या कॉम्प्युटरवर जुनं विंडोज चढवेपर्यंत दीड वाजला, जेवणाचं ताट गार झालं, पण गेम उघडला! रंग तेवढे बिघडले होते. माणसं जांभळी आणि लिफ्ट हिरवी दिसत होती. यादीत सगळ्यात वर मात्र ठळक अक्षरांत : बॉस, ४८,६२०!

"बाबाऽऽ!" मी ओरडलो. बाबा धावत आले. सगळ्यात वरचं 'बॉस' तेवढं वाचून, आकड्याकडे न बघताच त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला. मग "एक डाव बघू" म्हणून ते खेळायला बसले आणि घोटाळा झाला. गेम होता मंद कॉम्प्युटरसाठी लिहिलेला आणि माझा नवा कॉम्प्युटर सुसाट. लिफ्ट तळमजल्यावरून सुटली ती थेट छताला! माणसं दार उघडायच्या आधीच लाल होऊन जिन्याने पळत होती. अकरा सेकंदांत खेळ खलास.

"याचा वेग कमी कर," बाबा म्हणाले आणि शर्टाला इस्त्री करायला गेले.

मी गेमच्या पर्यायांत शिरलो. तिथे एक बटण होतं : 'सर्व मूळ स्थितीत आणा'. मला वाटलं, वेगही मूळ स्थितीत येईल. नक्की ना, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, नक्की!

वेग तसाच राहिला. विक्रमांची यादी तेवढी मूळ स्थितीत आली. दहा ओळी आणि दहा शून्यं!

पेनड्राइव्हवर बघितलं, तर मी शहाण्याने गेम थेट पेनड्राइव्हवरूनच चालवला होता, म्हणजे तीच यादी पुसली गेली होती. रिपेअरवाल्याला फोन केला. "डिस्क? तुम्हीच म्हणालात ना साहेब, भंगारात द्या म्हणून!"

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी दार लोटून घेतलं आणि स्वतः खेळायला बसलो. तीनशे चाळीस! बायको बसली. एकशे वीस, आणि वर हसून हसून डोळ्यांत पाणी. दोन्ही डाव मी यादीत न नोंदवताच बंद केले. विक्रमाची फाइल उघडून आकडा हाताने घालायचा प्रयत्न केला, तर आत नुसती किड्यामुंग्यांसारखी अक्षरं. पलीकडच्या खोलीत बाबा शीळ वाजवत होते. वीस वर्षांनी आज त्यांचा शब्द खरा ठरणार होता, आणि मी त्याची पार माती केली होती. मला खरंच रडू येत होतं.

तेवढ्यात आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घेऊन आत आली. "तोंड का असं झालंय?"

मी सगळं सांगून टाकलं. आईने घड्या पलंगावर ठेवल्या, चष्मा पुसला आणि म्हणाली, "सरक."

"आई, फार पळतंय गं ते..."

"सरक म्हटलं ना!"

मी सरकलो. पुढची पंचवीस मिनिटं मी जे पाहिलं ते मला अजून खरं वाटत नाही. आईची बोटं टकटक चालत होती. ती माणूस दिसायच्या आधीच लिफ्ट नेऊन ठेवत होती! "हा टोपीवाला नेहमी पाचव्याचाच," ती पुटपुटली. "आणि ही बाई थांबते, तिची घाई करायची नाही." एकही माणूस लाल झाला नाही. बायको आणि मी खुर्चीमागे उभे राहून वाढता आकडा बघत होतो. शेवटी आकडा थांबला : एक्कावन्न हजार तीनशे! खाली नावाची चौकट आली. तिच्यात गेमने आपणहून 'बॉस' लिहून ठेवलं होतं. आईने नुसतं एंटर दाबलं.

"आई!" मी कसाबसा बोललो. "म्हणजे तो अठ्ठेचाळीस हजारांचा..."

"तुम्ही सगळे दिवसभर बाहेर. मग ती माणसं कोण पोचवणार?"

"पण नाव बाबांचं?"

"तिथे आधीच लिहिलेलं असायचं. कोण खोडत बसणार? एक दिवस संध्याकाळी त्यांनी यादी बघितली आणि नाचायलाच लागले. म्हटलं, नाचू दे." तिने घड्या उचलल्या. "त्यांना बोलशील तर याद राख!"

मला इतकं हायसं वाटलं की मी खालीच बसलो.

चारला टायपिस्टकाका आले. पडद्याला नाक लावून त्यांनी आकडा तीनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "मानलं, बॉस." बाबांनी शर्टाची कॉलर ताठ केली. तोवर सगळं ठीक होतं. पण काका पुढे म्हणाले, "आता जरा खेळून दाखव की!" बाबा खुर्ची ओढून बसलेही! मी टेबलाखाली पाय घालून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. "तापलाय बिचारा," मी म्हणालो आणि आईने झटकन चहा आणला.

काका गेल्यावर बाबा विचारात पडले. "मी अठ्ठेचाळीस हजार सांगत होतो ना? इथे तर एक्कावन्न!"

आम्ही तिघं भिंतीकडे बघू लागलो.

"बघा!" बाबा म्हणाले. "इतकी वर्षं मी स्वतःला कमी लेखत होतो! विनय नडतो माणसाला."

तेव्हापासून दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर आईचा हक्क असतो. काल ती बाहेर गेली तेव्हा मीही गुपचूप एक डाव खेळलो. नाव बदलायचं विसरलो. संध्याकाळी बाबा यादी वाचता वाचता खालच्या ओळीवर थबकले.

"बॉस, चारशे दहा? हा मी नव्हेच! माझ्या नावावर कोण गाढव खेळलंय? हे पुसता येतं का रे?"

त्यासाठीचं बटण मला चांगलंच ठाऊक होतं.

"छे हो, बाबा," मी म्हणालो, "मला कॉम्प्युटरमधलं फारसं काही कळत नाही!"