धनाजीरावांचा अंगठा सर जाहला त्याची हकिगत

राजगडाच्या पायथ्यास पाली, पालीच्या वरल्या अंगास शेरडे राखणाऱ्यांची वाडी, त्या वाडीत जी थोर मोहीम जाहली तीस पाहणारे पुष्कळ, परंतु लिहून ठेवणारा कोणी नाही, सबब हे लिहिले असे. साल पुसाल तर ज्या साली थोरल्या पुतण्याचे लग्न भोंगवलीस जाहले आणि शेवटच्या पंगतीस मटण न उरून धनाजीराव नुसत्या रश्श्यावर उठले, तेच साल. ही गोष्ट ध्यानी ठेवावी, पुढे कामास येईल.

धनाजीराव म्हणजे वाडीतील कर्ते पुरुष, टेम्पोचे धनी. त्यांची पुतणी चिरंजीव सुलक्षणाबाई पुण्यास डॉक्टरकीची पहिली पदवी घेऊन मोकळी जाहली आणि पुढे कोणती शाखा घ्यावी हा मसला उभा राहिला. बाईंचा मनसुबा हाडांच्या शाखेचा. त्यावर धनाजीरावांचे फर्मान सुटले की, मुलीने बायकांचे डॉक्टर व्हावे, फार तर कातडीचे व्हावे, हाड बसवायास गडी लागतो. कॉलेजातही एका बड्या सरांचे मत हेच होते. मग तेथे संशोधन करणाऱ्या मॅडम आल्या आणि मुली हाडांकडे का वळत नाहीत म्हणून सर्वांस पुसून गेल्या, आणि कारणे नाना प्रकारची निघाली, परंतु त्यांत धनाजीरावांचे नाव कोठे निघाले नाही, एवढी त्या संशोधनात उणीव राहिली.

आता शाखांची पसंती सरकारात कळविणे ती मोबाईलवरून, आणि त्यास ओटीपी म्हणून आकडे लागतात, ते आकडे येणार धनाजीरावांच्या मोबाईलवर. कारण पहिला अर्ज भरला तेव्हा घरात चालता नंबर त्यांचाच. नंबर बदलून द्यावा अशी बाईंनी अर्जी केली, तर जुन्या नंबरावर ओटीपी पाठविला आहे तो द्यावा असा जबाब आला. आणि मुदत रविवारच्या सांजेपर्यंत. चुकली तर वर्ष गेले. धनाजीरावांचा मोबाईल उघडतो त्यांच्या उजव्या अंगठ्याने, दुसरी किल्ली म्हणजे चार आकडे, ते त्यांचे त्यांनाच आठवत नव्हते.

सबब बाई रविवारी पहाटेच्या एसटीने निघून कापूरहोळास गाडी बदलून वाडीस दाखल जाहल्या आणि विनवण्या करित्या जाहल्या. धनाजीराव ढळेनात. मग चुलीपाशी खलबत बसले. त्यात आजी अंबूबाई, धनाजीरावांच्या कारभारीण मंगलबाई आणि सुलक्षणाबाई. अंबूबाई बोलल्या, "माझ्या लेकाला म्या वळखते. त्येचं पोट भरलं की त्यो पडतुया, आन पडला की बैलगाडी अंगावरनं गेली तरी उठत न्हाई." सुलक्षणाबाई म्हणाल्या, चोरी नको. आजींनी उत्तर केले, "चोरी कसली? अंगठा घरचाच हाय."

मग अंबूबाईंनी आपला तांबड्या तुऱ्याचा कोंबडा, जो वाडीस रोज उठवी, तो या कामी दिला. धनाजीरावांनी भोंगवलीची कसर भरून काढिली, आणि त्यांचे स्नेही दत्ताजी, कापूरहोळास पंक्चरचे दुकान, टायर रिमवर चढविण्यात नामांकित, तेही पंगतीस होते. जेवण होताच धनाजीराव ओट्यावर हात न धुता आडवे जाहले आणि घोरू लागले. मंगलबाईंनी अलगद तो अंगठा धरिला आणि मोबाईलवर टेकविला. अंगठ्यावर तर्री. मोबाईल ओळख देईना. पदराने पुसून पुन्हा टेकविला, तेव्हा मोबाईल रागाने थरथरला. त्या थरथरीने धनाजीराव दचकून उठले, पाय खरकट्या ताटात पडला, आणि ते ओट्यावरून उजव्या हातावर खाली आले.

पाहतात तो अंगठा मुळाशी निखळून उलटा मागे वळलेला. मोठा आकांत जाहला. मंगलबाई आपल्या कपाळास हात लावून बसल्या. दत्ताजी बाह्या सारून पुढे आले. "आणा हिकडं, एका हिसक्यात वढतो!"

"दत्ताकाका, हात लावू नका," सुलक्षणाबाईंनी हुकूम केला. "वढलं तर आत अडकून बसंल. मग कापायला लागंल."

कापणे शब्द ऐकोन दत्ताजींनी बाह्या खाली केल्या. धनाजीराव विव्हळत म्हणाले, "तुझ्यानं व्हायचं न्हाई गं. गडी लागतो."

"तात्या, अंगठा हाय, बैल न्हाई."

मग बाईंनी बोटांच्या टोकांस शिवून जाण आहे की नाही ते पाहिले, मनगट वाकवून सैल केले, अंगठा होता त्याहून आणखी मागे नेला, आणि जोर न करिता आपल्या अंगठ्याने त्याच्या मुळास पुढे ढकलिले. टक् असा आवाज जाहला आणि अंगठा आपल्या ठाण्यावर येऊन बसला. धनाजीरावांची किंकाळी अर्ध्यावरच राहिली.

बाईंनी चिंधीची पट्टी बांधिली, शेंडा मोकळा ठेविला, उद्या नसरापुरास जाऊन हाडाचा फोटो काढावा असे सांगितले, आणि ओटीपीचा शब्द काढिला नाही. दिवस कलला होता. धनाजीरावांनी पट्टीबाहेरचा शेंडा वाकवून पाहिला. मग स्वतः उठले, हात धुतला आणि तो अंगठा मोबाईलवर ठेविला. मोबाईल उघडला.

"ह्यो ओटीपी शिळा झाला आसंल," ते बोलले. "ताजा मागीव."

ताजा आला. आकडे त्यांनी मोठ्याने वाचून दिले, आणि वरती अट घातली की, हाडांचा दवाखाना मांडशील तेव्हा पैला पेशंट मी, फी द्यायचा न्हाई. तह मान्य जाहला. पहिल्या पसंतीपासून शेवटच्या पसंतीपर्यंत सारी हाडेच भरली, दिवेलागणीपूर्वी कायम केली, आणि फत्ते जाहली. संशोधनवाल्या मॅडमांस बाईंनी त्याच रात्री कळविले की, एक कारण राहिले होते, ते आज जागेवर बसविले.

दोन्हीकडील माणसे सुखरूप. अंबूबाईंचा तांबड्या तुऱ्याचा कोंबडा मेला, रविवारी, न्याहारीच्या वेळी. सोमवारी वाडी उशिरा उठली.