धुऊनपुसून केलेलं बाळंतपण

लॅकलन टॉडनं रिव्हर्टनला अडतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं होतं. निवृत्त होऊन बायकोच्या शेतावर मेंढ्यांमध्ये राहायला आला, तरी हात धुवायची सवय काही सुटली नाही. हा गडी कुंपणाची फाटकंसुद्धा साबणानं धुवायचा.

त्या सप्टेंबरात, म्हणजे तिकडची थंडी सरता सरता, मोरॅग, म्हणजे त्याची बायको, शाळेच्या मदतीसाठी विकायचे चीज-रोल वळायला गावच्या हॉलवर निघाली. साठ डझनांची ऑर्डर होती.

"फ्लोरा आज विणार," ती बूट चढवत म्हणाली. "माझ्या आईच्या कळपातली शेवटची मेंढी आहे ती, आणि हे तिचं शेवटचं बाळंतपण. कोकराच्या पोटात दोन-तीन तासांत चीक गेला पाहिजे, नाहीतर या गारठ्यात ते जगायचं नाही. एवढं बघ. बाकी कशाला हात लावू नकोस."

"अगं, गावातल्या निम्म्या बाळंतिणींना मी औषधं दिलीत."

"दिलीस ना. बाळंतपण एकीचंही केलं नाहीस. आणि तो स्वेटर बदल."

स्वेटर मोरॅगनं विणलेला, जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला आलेला. लॅकलननं मान डोलावली आणि तो तसाच शेडमध्ये गेला.

दहाच्या सुमाराला फ्लोरा व्यायली. शेवटी जरा अडली, तेव्हा लॅकलननं कोकरू ओढून काढलं आणि छातीशी धरलं. गर्भाच्या पाण्यानं स्वेटर गळ्यापासून बेंबीपर्यंत चिंब झाला. पण त्याचं लक्ष होतं कुठे? त्याला दिसत होती ती फक्त घाण.

मग त्यानं कंबर कसली. कोकराला कोमट पाण्यानं शाम्पू केला, ड्रायरनं वाळवलं. फ्लोराची चिखलानं माखलेली कास लव्हेंडरच्या साबणानं तीनदा धुतली. सगळं चकाचक झाल्यावर त्यानं मोठ्या समाधानानं कोकराला कासेशी उभं केलं.

कोकरानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. फ्लोरानं कोकराला हुंगलं आणि अशी ढुशी दिली, की बिचारं गवतात कोलमडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. असा तास गेला. कोकराचे कान गार पडायला लागले. तसा लॅकलननं मोरॅगला फोन लावला.

"ते पीत नाहीये गं. आणि ही त्याला जवळ येऊ देत नाही."

"लॅकलन, तू धुतलंस का?"

"थोडंसं."

"कशानं?"

"लव्हेंडरच्या..."

पलीकडे चीज-रोलचा ट्रे आपटल्याचा आवाज आला.

"अरे, ती पिलाला वासानं ओळखते, ते कास वासानं शोधतं," मोरॅग म्हणाली. "तू दोघांचेही पत्ते पुसून टाकलेस. मी निघालेच, पण अर्धा तास लागेल."

लॅकलन मटकन गवतात बसला. आपल्या टापटिपीनं एक जीव जाणार, या विचारानं त्याला रडूच येत होतं. तेवढ्यात पोटाला काहीतरी ओलं लागलं. फ्लोरा त्याचा स्वेटर चाटत होती, घशातल्या घशात लाडानं घुरघुरत. आणि कोकरू त्याच्या बाहीची लोकर चोखत होतं.

आता मात्र त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं स्वेटर उतरवला, कोकरावर चोळला, कासेवर चोळला आणि शेवटी कोकराच्याच अंगात घातला. फ्लोरानं हुंगलं, थबकली, मग चाटायला लागली. कोकरू धडपडत कासेखाली शिरलं. सड तोंडात आला, आणि शेपूट जी हलायला लागली ती थांबेना.

मोरॅग धावत आली, तेव्हा नवरा बनियनवर कुडकुडत, नाक ओढत बसला होता आणि कोकरू पहिल्या नंबरचा स्वेटर घालून दूध पीत होतं. तिनं दोघांकडे पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

"बाही दुमडायची ना," ती गुडघ्यावर बसत म्हणाली. "पायात येतेय त्याच्या."

"स्वेटर धुऊ का मी?"

"उद्यापर्यंत हात लावून तर बघ."

दिवसभर लॅकलन दिसला की फ्लोरा हाका मारायची, त्याचे हात चाटायची. जनावराला माणूस कळतो, असं त्यानं फोन करून करून चौघांना सांगितलं. संध्याकाळी मात्र त्यानं नेहमीचा लव्हेंडरचा साबण लावून स्वच्छ आंघोळ केली.

सकाळी तो मोठ्या प्रेमानं शेडमध्ये गेला. फ्लोरानं त्याला हुंगलं आणि ढुशी देऊन सरळ चिखलात बसवलं.

"माझ्याशी असं वागते?" तो कळवळून म्हणाला.

"तिला एकच दिवस झालाय," फाटकातून मोरॅग म्हणाली. "मी तो लव्हेंडर अडतीस वर्षं सोसतेय."