जनानी सवारी

बद्रीनाथची गाडी पुढून पाहिली तर जुनी फियाट होती, मागून पाहिली तर कुणाचीच नव्हती. आधीच्या मालकानं दुधाच्या कॅनसाठी मागचा भाग कापून लांबवला होता. बद्रीनाथनं त्यावर टप चढवला आणि डिझेलचं इंजिन बसवलं. उस्मानपुऱ्यात या गाडीला मान होता, फक्त घरात नव्हता.

"मी नाय बसायची त्यात," त्याची बायको सरूबाई म्हणायची. "मागं बसावं तर पत्रा टोचतो, पुढं बसावं तर तुमचं चालवणं दिसतं."

पुढं बसली की ती तोंडानं गाडी चालवायची. "म्हैस आली! अहो, ब्रेक!" मागच्या दिवाळीत तर ती वाटेतच उतरली आणि एसटीनं देवगाव रंगारीला माहेरी गेली. आता रविवारी तिच्या भावाची वास्तुशांती होती. बायको एसटीतून आणि आपण मागून एकटे गाडी घेऊन, ही शोभा बद्रीनाथला सासुरवाडीत पुन्हा नको होती.

म्हणून त्यानं छावणीतल्या नूरमोहम्मदला गाठलं. त्याच्या घरात तीन पिढ्या टांग्याच्या गाद्या भरल्या जात. टांगे कमी झाले तसा तो मोटारींकडे वळला होता.

"आतून समदं नवं करा, नूरभाई. मागं अशी बैठक पायजे, की घरच्या बाईमाणसाला आराम वाटला पायजे."

"जनानी सवारी ना? बेफिकर राहा."

शनिवारी संध्याकाळी बद्रीनाथनं मागचं दार उघडलं. छताला मखमल, खाली गालिचा, मेहरून रेक्झिनची गुबगुबीत गादी, कडेनं पितळी खिळे. जीव सुखावला. मग लक्षात आलं, की बैठकीचं तोंड मागं, त्याच्याकडेच आहे.

"नूरभाई, ही उलटी बसली की!"

"उलटी कशी? टांग्यात जनानी मागं तोंड करूनच बसते. आमच्या वालिदनं मोठमोठ्या घरच्या बेगमा अशाच बसवल्या. आता काढायची तर तीन दिवस लागतील."

रविवारी सरूबाईनं बैठक निरखली, हातानं दाबून पाहिली आणि बसली. दौलताबादचा घाट गेला, शब्द नाही. वेरूळ गेलं, शब्द नाही. बद्रीनाथला हे सुख नवंच होतं. तो शीळ घालू लागला.

बऱ्याच वेळानं मागून शांत आवाज आला. "अहो, कसाबखेड्याचा फाटा मागं राहिला बघा."

"आधी सांगायचं नाय व्हय?"

"आधी दिसतोय कुठं? गेल्यावरच दिसला. लई निवांत वाटतंय पण. म्हशी बी वाचलेल्याच दिसतात."

उशीर झाला, पण दोघं एकाच गाडीतून उतरली. सरूबाईनं भावजयांना एकेक करून त्या गादीवर बसवलं. बद्रीनाथनं तीन वेळा जिलबी घेतली.

सोमवारी तो पेढे घेऊन छावणीला निघाला, तर नूरमोहम्मद दारातच, गाडीत शिरून काहीतरी पिळत होता. शेजारी सरूबाई उभी.

"नूरभाई, बैठकीला हात लावू नका! अशीच ऱ्हाऊ द्या!"

"बैठकीला कोण हात लावतो? वैनींनी सकाळीच निरोप धाडला. फाटे चुकायला लागले म्हणे."

बैठकीच्या समोर, छताच्या कडेला, परातीएवढा गोल आरसा लावला होता. सरूबाई गादीवर टेकली. आरसा जरा खाली केला, जरा डावीकडं केला.

"हां. आता म्होरलं समदं दिसतंय. काढा गाडी."

बद्रीनाथ स्टिअरिंगवर बसला. किल्ली अजून फिरवायची होती, तोच मागून आवाज आला, "अहो, ब्रेक!"