आश्रुबाच्या घरातली एक्केचाळीस भांडी

आश्रुबा तेली सकाळपासून सातव्यांदा वेशीपर्यंत जाऊन आला. त्याच्या मुलाला, रामहरीला, मुलगी सांगून आली होती आणि तिचे वडील, माजलगावचे शहादेव, आज घर पाहायला येणार होते. पण घरात पाहण्यासारखं होतं काय? करडई पिकली नाही म्हणून तेलाचा घाणा वर्षभर बंद, आणि भांडी केव्हाच मोडीत गेलेली.

“शेजारची चार भांडी मागून आना,” त्याची बायको तुळजाबाई म्हणाली. “नुसत्या येरझाऱ्या घालून सोयरीक जुळत न्हाई.”

आश्रुबा भीत भीतच मंजुळाबाईच्या दारात गेला. ही बाई शेजाऱ्याला विस्तव दिला तरी तो कधी परत करणार असं विचारणारी. आज तिने हंडा, कळशी आणि परात स्वतःच काढून दिली. “राहू द्या आठ दिस. आमाला घाई न्हाई.” पुढच्या घरी तेच. मग तर लोक न मागता आणून देऊ लागले. दुपारपर्यंत आळीतल्या बारा घरांची एक्केचाळीस भांडी आश्रुबाच्या घरात जमली आणि लोकांच्या चांगुलपणाने त्याला भरून आलं.

शहादेव आले, भांड्यांच्या उतरंडी पाहून खूश झाले. ते गूळपाणी घेत होते तोच दारात निजाम सरकारचे महसूल तपासणारे साहेब, हैदर गिरदावर, उभे राहिले, बगलेत वही.

दुष्काळ पडल्यामुळे सरकार गरिबांना दर आठवड्याला ज्वारी देणार होतं. गरीब ओळखायचा कसा, तर भांडी मोजून. तांब्या-पितळेची पाचाहून जास्त निघाली की तो मालदार. मोजणी शुक्रवारी होती, पण साहेब बुधवारीच निघाल्याची खबर सकाळीच आळीत पोहोचली होती. वेशीवर फेऱ्या मारणाऱ्या आश्रुबाला तेवढी ती कळली नव्हती. सरकार पाच म्हणतं आणि दोनालाच धरतं, अशी बाकी सगळ्यांची खात्री होती.

“एक्केचाळीस,” गिरदावर म्हणाले. “समदी तुझीच?”

नाही म्हणावं तर सून जाते, हो म्हणावं तर ज्वारी. आश्रुबाने एकदा शहादेवांकडे पाहिलं. “माझीच,” तो म्हणाला आणि वहीवर अंगठा उठवला.

पाहुणे गेल्यावर मंजुळाबाई हंडा न्यायला आली.

“न्या की,” तुळजाबाई म्हणाली. “पर सरकारच्या कागदावर तो आमचा हाय. साहेबाला सांगून न्या.”

साहेबाला सांगणं कुणालाच परवडणारं नव्हतं. शेवटी ठरलं की साहेबांची दुसरी फेरी होईस्तोवर भांडी तिथेच राहावीत, आणि आश्रुबाची ज्वारी हुकली म्हणून बारा घरांनी आपल्या ज्वारीतून आठवड्याला दोन-दोन शेर त्याला द्यावेत.

महिन्याने गिरदावर मदतीचा परिणाम तपासायला आले. त्याच दिवशी शहादेव लग्नाची तिथी ठरवायला आले होते. साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. ज्वारी मिळालेली बारा घरं पार वाळली होती. ज्याला सरकारने दाणाही दिला नव्हता त्या आश्रुबाच्या गालावर मात्र तकाकी आली होती. साहेबांनी बराच विचार केला आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, “ज्वारीने माणूस खंगतो. सबब ज्वारी बंद करावी.”

आश्रुबाने मंजुळाबाईकडे पाहिलं. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. त्याला आपल्या गालांची लाज वाटली.

“साहेब,” तो म्हणाला, “भांडी माझी न्हाईत. अन् मी खाल्लं ते बी यांचंच.”

“मग भांडी कुणाची?”

 ओळीत पायांची चुळबुळ सुरू झाली. मग मंजुळाबाई पुढे झाली. “हंडा माझा. कळशी, परात बी.” तिच्यामागून एकेक जण भांड्याला हात लावू लागला. साहेबांनी पुन्हा मोजणी केली. कोणत्याही घराला चाराहून जास्त भांडी येईनात.

“अरे, तुमी समदे गरिबांच्या यादीतलेच निघाले,” साहेब वैतागले. “मग लपवली कावून?”

 साहेबांनी आपलं लिखाण खोडलं, बारा नावं तशीच ठेवली आणि तेरावं आश्रुबाचं घातलं.

 लग्न मोडलं असं धरून आश्रुबा मान खाली घालून उभा होता.

“पाव्हणं,” शहादेवांनी विचारलं, “यातलं तुमचं कोणतं?”

“एक बी न्हाई.”

शहादेवांनी रिकाम्या होत चाललेल्या घराकडे पाहिलं.

“आमच्याकडं दोन हायेत,” ते म्हणाले. “पोरगी येताना एक घेऊन यील.”